सुपारी लागते तेव्हा: झॅनोमेलिन या औषधाचं प्रकरण

ओली सुपारी कातरून तोंडात टाकली आणि ती लागली, की दोन मिनिटांत माणसाचा चेहरा पांढराफटक पडतो. कपाळावर घाम डवरतो, तोंडात लाळ सुटते, पोटात ढवळतं, छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. श्रीवर्धनच्या बाजूला हे दृश्य नवं नाही. लग्नाच्या पंगतीनंतर कुणीतरी पाहुणा हौसेनं विडा खातो, मग त्याला पडवीतल्या बाकावर आडवं करतात, पाणी पाजतात, आणि घरातली जाणती बाई शांतपणे सांगते, ‘काही नाही, सुपारी लागली. बसेल आत्ता.’ पंधरावीस मिनिटांत ती बसतेही.

या पाहुण्याचा स्किझोफ्रेनियाशी, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणाऱ्या, संशयानं घेरणाऱ्या मनोविकाराशी, काय संबंध? 2024 सालच्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं स्किझोफ्रेनियासाठी एका औषधाला मान्यता दिली. त्याचा मुख्य रेणू सुपारीतल्या द्रव्याच्या सांगाड्यावरून बेतलेला आहे, आणि पाहुण्याला जो त्रास झाला त्याच जातीच्या त्रासापायी तो जवळजवळ पंधरा वर्षं फळीवर पडून होता. शोध मेंदूच्या रसायनाचा, पण अडलं होतं पोटात. हे प्रकरण सविस्तर मांडण्यासारखं वाटलं ते म्हणून.

सुपारीत अरेकोलिन नावाचं द्रव्य असतं. आपल्या शरीरात ॲसिटिलकोलिन हे रसायन निरोप्याचं काम करतं: मज्जातंतूकडून निरोप घेऊन ते पुढच्या पेशीवरच्या ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, जाऊन चिकटतं. या ग्राहकांची दोन घराणी. एकाला तंबाखूतल्या निकोटिनचं नाव, दुसऱ्याला अळंबीतल्या मस्कॅरिन या विषाचं. अरेकोलिन हे मस्कॅरिनिक ग्राहकांवर बसतं आणि ॲसिटिलकोलिनची नक्कल करतं. हे ग्राहक मेंदूत आहेत, तसेच लाळेच्या ग्रंथींत, घामाच्या ग्रंथींत, आतड्यांत, हृदयात आणि मूत्राशयातही आहेत. म्हणून सुपारी लागली की लाळ, घाम आणि मळमळ एकदमच सुरू होतात.

डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्क या कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांनी 1990च्या सुमारास अरेकोलिनचा सांगाडा घेतला, त्यातला लवकर तुटणारा भाग काढला आणि तिथे दुसरं वलय जोडलं. त्यातून झॅनोमेलिन निघालं. अमेरिकेची एलाय लिली कंपनी सोबत होती. हेतू अल्झायमरचा. त्या आजारात ॲसिटिलकोलिन बनवणाऱ्या मेंदूपेशी मरत जातात. मग निरोप्या कमी पडतोय तर त्याचा तोतया पाठवू, असा साधा हिशोब होता.

चाचणीचे निकाल 1997 मध्ये छापून आले. 343 रुग्ण, सहा महिने. स्मरणशक्तीत फरक पडला, पण नाव घ्यावं इतका नाही. खरी गंमत दुसरीकडे होती. अल्झायमरच्या बऱ्याच रुग्णांना भास होतात, घरचे लोक चोर वाटतात, ते आरडाओरड करतात. झॅनोमेलिन घेणाऱ्यांमध्ये हे सगळं कमी झालं, आणि डोस जितका जास्त तितकं अधिक कमी झालं. हे कुणी मागितलंच नव्हतं. मात्र सर्वांत मोठ्या डोसाच्या गटातल्या 52 टक्के रुग्णांनी त्रासापायी औषध सोडलं आणि 12.6 टक्के रुग्ण चक्कर येऊन शुद्ध हरपून पडले. म्हाताऱ्या माणसाचं पडणं म्हणजे खुब्याचं हाड. औषध मागे ठेवलं गेलं.

आता दुसऱ्या बाजूनं येऊ.

स्किझोफ्रेनियाच्या औषधांचा इतिहास 1952 पासून मोजतात. पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन वापरलं आणि वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली माणसं बोलू लागली. औषध का चालतं हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. ते कळण्याच्या वाटेवर पुन्हा आपल्याकडची एक वनस्पती आडवी येते: सर्पगंधा. 1931 मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग नोंदवला. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरचा अनुभव छापला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. तिच्यातून वेगळं काढलेलं रेसर्पिन न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी वापरून पाहिलं. पुढे स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन दिलेल्या, मरगळून पडलेल्या सशांना, शरीर ज्यातून डोपामिन हे आणखी एक निरोप्या रसायन बनवतं ते एल-डोपा टोचलं आणि ससे उठून हिंडू लागले. रेसर्पिन मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करतं, हे त्यातून उलगडलं. कार्लसनना 2000 साली नोबेल मिळालं. सर्पगंधेच्या मुळीला त्यातला किती वाटा द्यायचा, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

1970च्या दशकाच्या मध्यात टोरांटोत फिलिप सीमन आणि बाल्टिमोरमध्ये सॉलोमन स्नायडर यांनी दाखवलं की स्किझोफ्रेनियाचं औषध डोपामिनच्या ग्राहकाला, पुढे ज्याला डी-2 म्हणू लागले त्याला, जितकं घट्ट चिकटतं तितका त्याचा डोस कमी लागतो. तेव्हापासून सगळ्यांनी तोच ग्राहक पकडला. हॅलोपेरिडॉल, रिस्परिडोन, ओलांझापाइन, सगळी औषधं थोड्याफार फरकानं डी-2वर काम करतात. क्लोझापाइन बरंच वेगळं वागतं आणि इतर औषधं हरतात तिथे चालतं, पण त्यासाठी पांढऱ्या पेशींची तपासणी सतत करावी लागते, आणि तेही डी-2ला थोडंफार धरतंच.

या औषधांनी असंख्य घरं सावरली, हे आधी म्हणायला हवं. किंमत काय मोजावी लागते तेही त्या घरांना ठाऊक आहे. हात थरथरतात, चेहरा मुखवट्यासारखा होतो, पाय एका जागी ठरत नाहीत. नव्या गोळ्यांनी हे कमी झालं, तर वजन आणि साखर वाढू लागली. आवाज थांबतात, पण माणूस खाटेवर बसून भिंतीकडे पाहत राहतो. आई म्हणते, ‘शांत आहे आता, पण तो पूर्वीचा नाही.’ आवाज आणि संशय यांवर औषध चालतं. उत्साह आटणं, बोलणं खुंटणं, विचारांची गाडी अडखळणं, यांवर जवळपास नाही.

झॅनोमेलिनची आठवण पुन्हा निघाली ती इथे. इंडियाना विद्यापीठात अनंत शेखर आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या अवघ्या 20 रुग्णांवर ते चार आठवडे वापरलं. निकाल 2008 मध्ये आला: लक्षणं कमी झाली, आणि शब्द लक्षात ठेवण्यासारख्या काही बौद्धिक चाचण्यांतही सुधारणा दिसली. 20 माणसांवरून छातीठोकपणे काही म्हणता येत नाही, पण डी-2ला हातही न लावणारं औषध चाललं होतं. मळमळ आणि उलट्या मात्र होत्या तशाच.

तसं पाहिलं तर सुगावा त्याहूनही जुना. 1957 मध्ये कार्ल फायफर यांनी स्किझोफ्रेनियाच्या काही रुग्णांना खुद्द अरेकोलिन टोचलं होतं आणि थोडा वेळ ते रुग्ण भानावर येऊन नीट बोलल्याची नोंद केली होती. 2000 साली पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवर पाहणी झाली, तर सुपारी खाणाऱ्या रुग्णांची लक्षणं न खाणाऱ्यांपेक्षा सौम्य आढळली. (यावरून घरी कुणी सुपारीचा उपचार सुरू करू नये. सुपारी तोंडाच्या कर्करोगाला कारण आहे, तोंड उघडेनासं करणारा आजारही तिच्यामुळेच होतो. शिवाय चुन्यासोबत चघळताना अरेकोलिनचा बराच भाग बदलून वेगळंच द्रव्य तयार होतं. डोसाचा हिशोब कोण ठेवणार?) उलट्या बाजूचा पुरावा तर आपल्याकडे खेडोपाडी माहीत आहे. धोतऱ्याच्या बिया पोटात गेल्या की माणूस बरळतो, नसलेली माणसं पाहतो, हवेत काहीतरी वेचत बसतो. धोतरा मेंदूतले हेच मस्कॅरिनिक ग्राहक बंद करतो. बंद केल्यानं भास होतात, तर चालू केल्यानं ते का थांबू नयेत?

म्हणजे मेंदूत काय हवं ते कळलं होतं. तेच औषध पोटात, घामाच्या ग्रंथींत आणि हृदयात जे करत होतं, त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

मोठ्या प्रयोगशाळांनी याला रसायनाचं कोडं मानलं. मस्कॅरिनिक ग्राहक पाच प्रकारचे. मेंदूत कामाचे ते एम-1 आणि एम-4. पोट-मूत्राशयाचा त्रास मुख्यतः एम-2 आणि एम-3मुळे. फक्त हव्या त्याच ग्राहकाला धरणारा रेणू शोधू, म्हणून वर्षानुवर्षं खटाटोप झाला. पण पाचही ग्राहकांचं कुलूप जवळपास सारखं, त्यामुळे एकाची किल्ली दुसऱ्याला लागायची.

बॉस्टनमध्ये 2009 साली एक छोटी कंपनी निघाली. नाव करुणा. मराठी माणूस हे नाव वाचून क्षणभर थबकतोच. तिथल्या अँड्र्यू मिलर यांनी प्रश्नच वेगळा विचारला. किल्ली सगळीकडे लागते ना, लागू दे. मेंदूबाहेरची कुलपंच झाकून टाकली तर? त्यासाठी असं औषध हवं जे मस्कॅरिनिक ग्राहक बंद करतं पण मेंदूत शिरत नाही. ते बाजारात होतंच. वारंवार लघवीला लागणाऱ्यांना देतात ते ट्रॉस्पियम. युरोपात ते कित्येक दशकं वापरात होतं, अमेरिकेत 2004 पासून. या रेणूवर कायमचा धन विद्युतभार असतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत स्निग्ध पदार्थाची. भार असलेला रेणू तिच्यातून सहसा पार होत नाही. झॅनोमेलिन मात्र स्निग्धात विरघळतं, सहज आत जातं.

करुणानं 2012 मध्ये लिलीकडून झॅनोमेलिनचे हक्क घेतले. आगाऊ रक्कम होती 1 लाख डॉलर. मुंबईत तेव्हा एवढ्यात धड फ्लॅटही आला नसता.

मला या प्रकरणात सगळ्यांत आवडते ती ही जागा. दोन्ही रेणू जुने, दोन्ही दुसऱ्याच कामाचे. एक टाकून दिलेला, दुसरा मूत्राशयाचा. मेंदूविज्ञानातला एकही नवा शोध यात नाही. कोणतं औषध कुठवर जातं, एवढ्याच जाणिवेवर हे उभं आहे. पुढे 2018 मध्ये स्टीव्हन पॉल कंपनीचे प्रमुख झाले. लिलीत झॅनोमेलिनवर काम चालू होतं तेव्हा तिथल्या संशोधनात ते होते. त्यांनी हे औषध बाजूला पडताना पाहिलेलं होतं.

आत नेमकं काय घडतं? बागायतीचं उदाहरण घेतो. स्किझोफ्रेनियात स्ट्रायटम नावाच्या भागात डोपामिन जास्त सोडलं जातं, हे मेंदूच्या पेट-स्कॅनमधून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणजे पाटानं पाणी जास्त येतंय आणि माडाचं आळं तुंबलंय. जुनी औषधं आळ्यावर झाकण ठेवतात. पाणी येतच राहतं, फक्त मुळांना लागत नाही. आणि झाकण सगळ्याच आळ्यांवर पडतं, ज्यांना पाण्याची गरज आहे त्यांच्यावरही. हातपायांचा ताठरपणा येतो तो तिथून. झॅनोमेलिन पाटाच्या वरच्या अंगाला जातं. मेंदूच्या बुंध्यातल्या काही ॲसिटिलकोलिन पेशी डोपामिनच्या पेशींना चेतवतात. त्या पेशींवर एम-4 ग्राहक लगामासारखे असतात. लगाम ओढला की डोपामिनचा लोंढा उगमापाशीच कमी होतो. एम-1 मुख्यतः मेंदूच्या वरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये असतात. तिथल्या आवर घालणाऱ्या पेशींना ते जागं करतात आणि खाली जाणारा गोंगाट कमी होतो. चित्र अजून पूर्ण झालेलं नाही, पण एवढं दिसतं की डोपामिनचा सिद्धांत यानं मोडीत निघत नाही. ‘डोपामिनचा जमाना संपला’ अशा मथळ्यांच्या बातम्या लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेलं नव्हतं. औषध शेवटी पोचतं डोपामिनकडेच, फक्त मागच्या दारानं.

आता चाचण्या. स्किझोफ्रेनियाची लक्षणं पॅन्स नावाच्या मोजपट्टीवर मोजतात: 30 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 7 गुण. काहीच लक्षण नसलेल्याचेही 30 होतात, सगळं टोकाचं असेल तर 210. इमर्जंट-1 या चाचणीत 182 रुग्ण रुग्णालयात दाखल करून पाच आठवडे पाहिले. झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियमची जोडगोळी घेणाऱ्यांचे गुण सरासरी 17.4नं उतरले, प्लासिबो म्हणजे बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांचे 5.9नं. पुढच्या इमर्जंट-2 मध्ये 252 रुग्ण होते; तिथे 21.2 विरुद्ध 11.6. इमर्जंट-3 अमेरिका आणि युक्रेनमध्ये चालू होती, मध्येच युद्ध सुरू झालं, तरी फरक 8.4 गुणांचा आला.

आठ-दहा गुण म्हणजे घरात काय? सून जेवणात काही घालते म्हणून स्वतःचं ताट स्वतः वाढून घेणारा माणूस संशय मनात ठेवूनही सगळ्यांबरोबर पंगतीला बसू लागतो. आवाज येतात, पण त्यांना उत्तरं देणं थांबतं. असे चार-पाच मुद्दे एक-दोन गुणांनी खाली आले की तेवढे होतात. आजार बरा झाला असं याला कुणी म्हणणार नाही. जुन्या चांगल्या औषधांच्या तोडीचा परिणाम आहे, आणि मुख्य म्हणजे वजन आणि ताठरपणा या दोन्हींत प्लासिबोच्या गटाहून फारसा फरक नव्हता.

सुपारी मात्र थोडी लागतेच. इमर्जंट-2 मध्ये 19 टक्के लोकांना मळमळ झाली, 14 टक्क्यांना उलट्या. बद्धकोष्ठ 21 टक्क्यांना. मळमळ झॅनोमेलिनची. बद्धकोष्ठात मात्र ट्रॉस्पियमचा हात दिसतो. दोघांचं भांडण आतड्यात चालतं म्हणा ना. नाडीही वाढते. लघवी अडणाऱ्यांना, यकृत बऱ्यापैकी बिघडलेल्यांना आणि अरुंद कोनाचा काचबिंदू असून उपचार न झालेल्यांना हे औषध देत नाहीत.

डिसेंबर 2023 मध्ये ब्रिस्टल मायर्स स्क्विब या कंपनीनं करुणा विकत घेण्याचा करार जाहीर केला, 14 अब्ज डॉलरना. 1 लाखाला घेतलेल्या रेणूभोवती हे सगळं उभं राहिलं होतं. 26 सप्टेंबर 2024 ला मान्यता मिळाली, कोबेन्फी या नावानं. अमेरिकेतली तेव्हाची छापील किंमत महिन्याला सुमारे 1,850 डॉलर होती.

टाळ्या विरतायत तोच नोव्हेंबर 2024 उजाडला. ॲबव्ही कंपनीचं एमराक्लिडिन हे याच वाटेवरचं औषध, फक्त एम-4वर नेमका परिणाम करणारं, म्हणजे जुन्या प्रयोगशाळांच्या स्वप्नातली नेमकी किल्ली. दोन चाचण्यांत ते प्लासिबोच्या पुढे जाऊ शकलं नाही. एकटा एम-4 पुरत नाही, की प्लासिबोच्या गटातच सुधारणा इतकी झाली की फरक दिसेना? दोन्ही मतांचे लोक आहेत. माझा कल पहिल्याकडे आहे, पण पैज लावणार नाही. मग एप्रिल 2025 मध्ये कोबेन्फीचाच अराइज चाचणीचा निकाल आला. आधीच्या औषधानं पुरेसा फरक न पडलेल्यांना ते चालू ठेवून वर हे दिलं, तर फरक फक्त 2 गुणांचा, संख्याशास्त्राच्या कसोटीला न उतरणारा. रिस्परिडोनवरचे रुग्ण वगळले तर चित्र बरं दिसतं, असं कंपनीनं सांगितलं. निकाल लागल्यावर केलेल्या अशा वजाबाक्यांवर मी फारसा विसंबत नाही. पण दवाखान्यात खरा प्रश्न हाच असतो: गोळ्या चालू आहेत, अर्धाच फरक आहे, यात काय घालू? त्याला उत्तर मिळालं नाही.

कुणाला ते चालेल हे आधी ओळखता आलं तर? मेलबर्नच्या ब्रायन डीन यांच्या गटानं मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमध्ये दाखवलं आहे की स्किझोफ्रेनियाच्या साधारण चौथाई रुग्णांत कॉर्टेक्समधले एम-1 ग्राहक खूपच कमी असतात. अशांत हे औषध जास्त चालेल की ग्राहकच नसल्यानं कमी? जिवंत रुग्णात ते मोजायची दवाखान्याच्या आवाक्यातली सोय नाही.

आपल्याकडच्या कागदांवर नजर टाकली की आणखी एक गोष्ट खुपते. हॅलोपेरिडॉल किंवा रिस्परिडोनसोबत ताठरपणासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल सर्रास लिहिलेलं असतं, पुष्कळदा वर्षानुवर्षं. ते मेंदूत शिरून मस्कॅरिनिक ग्राहक बंद करतं. धोतऱ्याचंच सौम्य, गोळीतलं भावंड. विसराळूपणा वाढतो आणि तो आजाराच्या खात्यावर जमा होतो. झॅनोमेलिन ज्या कुलपात किल्ली फिरवतं, त्याच कुलपात ही गोळी मेण भरते. नवं औषध कधी हाती येईल ते येवो, ‘ही गोळी अजून लागतेय का’ एवढं डॉक्टरांना पुढच्या खेपेला विचारता येतं. स्वतःहून मात्र ती एकदम बंद करायची नाही.

आणि शेवटी घर. कोबेन्फी दिवसातून दोनदा घ्यायचं, जेवणाआधी किमान एक तास किंवा जेवणानंतर किमान दोन तासांनी, म्हणजे रिकाम्या पोटी. कॅप्सूल फोडायची नाही. ज्या घरात आजारी माणूस औषधाला विष समजतो तिथे गोळी कुटून वरणात मिसळतात, चहात विरघळवतात. डॉक्टर नको म्हणतात, तरी मिसळतात. या कॅप्सूलचं तसं काही करता येत नाही. ती त्याच्या तळहातावर ठेवावी लागते, शेजारी पाण्याचं भांडं, आणि तो ती उचलतो का याची वाट पाहत समोर बसावं लागतं.